अनिश्चित समाकल आणि मागची शिल्लक

बारावीच्या, किंवा कर्नाटकात पी. यू. च्या दुसऱ्या वर्षाच्या, गणिताच्या वर्गात दरवर्षी एक दिवस असा उजाडतो की त्या दिवशी फळ्यावर एक नवेच चिन्ह उमटते. उभी ताणलेली, वरच्या व खालच्या टोकाशी किंचित वळलेली अशी ती रेघ असते. अवकलनाच्या प्रकरणात नुकतीच कोठे वाट सापडलेला विद्यार्थी त्या चिन्हाकडे पाहून पुन्हा धास्तावतो. पुढच्या पंधरा दिवसांत त्याच्या वहीत सूत्रांची लांबलचक यादी जमते आणि प्रत्येक सूत्राच्या शेवटी ‘अधिक सी’ अशी एक शेपटी लटकत असते. ती शेपटी लिहावयास विसरले की गुण कापले जातात, एवढेच त्याला ठाऊक असते. ती तेथे कशासाठी आहे हे विचारण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. वास्तविक तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला, तर समाकलनाचे निम्मे मर्म त्याच दिवशी हाती यावे.

शालेय गणिताशी ज्यांचा संबंध केव्हाच सुटला आहे अशा श्रोत्यांनीही या विषयाला भिण्याचे कारण नाही. ज्याने कधी रोजमेळ पाहिला आहे, त्याला लागणारे साहित्य सारे ठाऊक आहे. अडचण बरेचदा विचाराची नसून शब्दांची असते. विज्ञानशाखेचे शिक्षण बहुधा इंग्रजीतून होते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या बेळगावच्या किंवा सावंतवाडीच्या मुलापुढे एकाच वेळी नवा विचार आणि नवी भाषा अशी दोन संकटे उभी राहतात, आणि मग तो सूत्र पाठ करून दोहोंतून सुटका करून घेतो. मराठीला मात्र हा विषय परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बाळशास्त्री जांभेकरांनी ‘शून्यलब्धिगणित’ लिहून कलनशास्त्राला मराठीत आणले होते. आज विकलन आणि संकलन, तसेच अवकलन आणि समाकलन, अशा दोन्ही जोड्या रूढ आहेत. या भाषणात दुसरी जोडी वापरली आहे. बदलणाऱ्या राशीला क्ष, घातांकाला न आणि न बदलणाऱ्या संख्येला, म्हणजे स्थिरांकाला, क म्हटले आहे. विद्यार्थ्याच्या वहीतला ‘सी’ तो हाच क.

एका किराणा दुकानदाराचा रोजमेळ श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावा. वहीची पहिली काही पाने वाळवीने खाल्ली आहेत आणि राहिलेल्या पानांवर फक्त रोजची जमा व रोजचा खर्च नोंदलेला आहे. सोमवारी गल्ल्यात तीनशे रुपयांची भर पडली, मंगळवारी शंभर गेले, बुधवारी दोनशे आले. तीन दिवसांत गल्ला चारशे रुपयांनी वाढला, हे कोणीही सांगेल. परंतु बुधवारी रात्री गल्ल्यात एकंदर किती रुपये होते? हे त्या पानांवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्यासाठी सोमवारी सकाळची श्रीशिल्लक कळली पाहिजे, आणि ती तर वाळवीने खाल्लेल्या पानावर होती.

रोजच्या शिलकेवरून रोजची वाढघट काढणे हे अवकलनाचे काम, आणि रोजच्या वाढघटीवरून शिल्लक पुन्हा उभी करणे हे समाकलनाचे. दुकानात हिशेब दिवसागणिक असतो आणि कलनशास्त्रात तो क्षणाक्षणाचा असतो. हा फरक लहान नाही, पण प्रस्तुत मुद्दा दोन्हीकडे एकच आहे. शिलकेवरून वाढघट काढताना आजच्या आकड्यातून कालचा आकडा वजा होतो. त्या वजाबाकीत मूळची शिल्लक कापली जाते. शेजारच्या दुकानदाराच्या गल्ल्यात आरंभी हजार रुपये अधिक असते आणि देवघेव तंतोतंत तीच झाली असती, तर दोघांच्या वाढघटीच्या पानांत एका पैचाही फरक दिसला नसता. अवकलन करताना जी गोष्ट हरवते ती समाकलन करताना आपोआप परत कशी मिळणार? तिची जागा मोकळी ठेवावी लागते. ती मोकळी ठेवलेली जागा म्हणजे क.

आता हेच गणिताच्या भाषेत. क्ष च्या वर्गाचा अवकलज दोन क्ष असतो, हे विद्यार्थी शिकलेला असतो. क्ष-वर्ग अधिक पाच, याचाही अवकलज दोन क्ष. क्ष-वर्ग उणे सात, याचाही तोच. कारण स्थिरांक बदलतच नाही, त्याच्या बदलाचा दर शून्य. तेव्हा ‘दोन क्ष हा कोणाचा अवकलज?’ असा उलटा प्रश्न टाकला, तर एक उत्तर येत नाही, उत्तरांचे एक कुटुंबच पुढे येते. त्या साऱ्या कुटुंबाला मिळून दोन क्ष चा अनिश्चित समाकल म्हणतात आणि तो ‘क्ष-वर्ग अधिक क’ असा लिहितात. नऊचे वर्गमूळ विचारले तर अधिक तीन आणि उणे तीन अशी दोन उत्तरे संभवतात, हे विद्यार्थ्याला आठवीनववीपासून माहीत असते. येथे ती अगणित संभवतात एवढेच. ‘अनिश्चित’ या शब्दाने मात्र पुष्कळांची दिशाभूल होते. उत्तर धूसर आहे किंवा अंदाजाचे आहे असा त्याचा अर्थ नाही. एका स्थिरांकापुरतीच अनिश्चितता आहे. बाकी सारे रेखीव आणि पक्के आहे.

येथे एक शंका चाणाक्ष विद्यार्थ्याला यावयास हवी, आणि पुष्कळ पुस्तके तिला बगल देतात. क्ष-वर्गात स्थिरांक मिळवून होणारी फलने या कुटुंबात आहेत हे मान्य. पण यांच्याबाहेरचे, अगदी निराळ्या चेहऱ्याचे एखादे फलन असे नसेल कशावरून, की ज्याचा अवकलज दोन क्ष च आहे? याचे उत्तर रस्त्यावर मिळते. दोन बैलगाड्या एकाच रस्त्याने एकाच दिशेने चालल्या आहेत आणि प्रत्येक क्षणी दोहोंचा वेग सारखा आहे. कधी दोन्ही मंदावतात, कधी दोन्ही भरधाव सुटतात, परंतु बरोबरीने. त्यांच्यामधले अंतर वाढेल काय? घटेल काय? दोन्ही अशक्य. अंतर बदलण्याचा दर म्हणजे दोन वेगांची वजाबाकी, आणि ती सदैव शून्य आहे. म्हणून ज्या दोन फलनांचे अवकलज सर्वत्र सारखे, त्यांच्यातला फरक स्थिर असतो. कुटुंबाबाहेर कोणी नाही. ‘ज्याच्या बदलाचा दर सदैव शून्य ते बदलत नाही’ हे विधान व्यवहारात उघड वाटते. गणितात त्याला सिद्धता लागते आणि ती मध्यमूल्य प्रमेयातून मिळते. रस्ता मात्र अखंड हवा. मध्ये नदी असून पूल नसेल, तर अलीकडच्या काठावरचे अंतर पलीकडच्या काठावरच्या अंतराशी जुळेलच असे नाही.

त्या उभ्या चिन्हाची जन्मतिथीही इतिहासात नोंदलेली आहे. २९ ऑक्टोबर १६७५ रोजी जर्मन गणिती लायब्निट्स याने आपल्या टिपणात ते प्रथम वापरले. तोवर तो त्या जागी ‘सर्व’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाची आद्याक्षरे लिहीत असे. त्या दिवशी त्याने बेरीज या अर्थाच्या ‘सुम्मा’ या लॅटिन शब्दाचे पहिले अक्षर, त्या काळच्या लांब वळणाने, लिहिले. छापील पानावर ते चिन्ह १६८६ साली आले. ‘इंटिग्रल’ हा शब्द छापून आला तो त्यानंतर, १६९० साली, स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या याकोब बर्नुलीच्या लेखात. इंग्लंडात न्यूटन याच शोधापाशी स्वतंत्रपणे पोहोचला होता. परंतु १६७६ सालच्या एका पत्रात त्याने आपली रीत उघड न सांगता अक्षरांचे एक कोडे करून लपवली. त्या कोड्याचा उलगडा असा की बदलणाऱ्या राशी दिल्या असता त्यांच्या बदलाचे दर काढणे, आणि उलट. त्या शेवटच्या ‘आणि उलट’मध्ये आजचा सारा विषय आहे.

चिन्ह बेरजेचे आणि काम उलट्या अवकलनाचे, हे कसे? याचे पुरे उत्तर निश्चित समाकलनाच्या प्रकरणात मिळते. येथे दुकानाचा दाखला पुरे आहे: रोजच्या वाढघटीवरून शिल्लक उभी करणे म्हणजे त्या वाढघटींची बेरीज करणेच नव्हे काय? चिन्हाच्या शेवटी ‘डी क्ष’ असे जे लिहितात त्याचा उगमही येथेच आहे. क्ष च्या एका इवल्याशा पावलाचे ते नाव आहे. बदल कोणत्या राशीच्या संदर्भात मोजला जात आहे हे त्यावरून कळते. एकाच राशीत क्ष आणि ट अशी दोन अक्षरे असतील तेव्हा, कोणते चल मानावयाचे आणि कोणते स्थिर धरावयाचे, हे ‘डी’ पुढचे अक्षर सांगते. ते गाळणारा विद्यार्थी मापाचे नाव न सांगता नुसते ‘पाच द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासारखा असतो.

आता नियमांकडे वळावे. त्यांत घाताचा नियम सर्वांत उपयोगी. अवकलनात घातांक खाली उतरून गुणक होतो आणि घात एकाने कमी होतो. उलट वाटेने येताना क्रमही उलटा करावयाचा: आधी घातांक एकाने वाढवावयाचा आणि मग त्या वाढलेल्या घातांकाने भागावयाचे. क्ष-वर्गाचा समाकल म्हणजे क्ष-घन भागिले तीन, अधिक क. क्ष च्या चौथ्या घाताचा समाकल म्हणजे पाचवा घात भागिले पाच, अधिक क. नुसत्या एकाचा समाकल क्ष अधिक क. पुष्कळ मुले जुन्या घातांकाने भागतात. त्यांना नियम पुन्हा घोकावयास लावण्यापेक्षा ताळा पाहण्याची सवय लावणे अधिक श्रेयस्कर. प्राथमिक शाळेत भागाकाराचा ताळा गुणाकाराने घेत असत. तसा समाकलनाचा ताळा अवकलनाने घ्यावा. आलेल्या उत्तराचे अवकलन करावे. मूळ राशी परत आली तर उत्तर खरे, न आली तर खोटे. गणिताच्या फार थोड्या शाखांत विद्यार्थ्याला स्वतःचे उत्तर इतक्या स्वस्तात तपासता येते, आणि तरीही ही सोय वापरणारे थोडेच.

घातांक पूर्णांकच असावा असे नाही. क्ष चे वर्गमूळ म्हणजे क्ष चा अर्धा घात. त्यात एक मिळवला की दीड, आणि दीडने भागणे म्हणजे दोन-तृतीयांशाने गुणणे. म्हणून उत्तर दोन-तृतीयांश गुणिले क्ष चा दीडवा घात, अधिक क. एक भागिले क्ष-वर्ग म्हणजे क्ष चा उणे-दोनावा घात. येथे पाय घसरतो. उणे दोनात एक मिळवला की उणे एक होतो, उणे तीन नव्हे. उत्तर येते उणे एक भागिले क्ष, अधिक क.

हा नियम बेरजेच्या वाटेने पुष्कळ आधीच माणसाच्या हाती आला होता. केरळात सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने मलयाळम भाषेत ‘युक्तिभाषा’ हा ग्रंथ रचला. एकापासून मोठ्या संख्येपर्यंतच्या संख्यांचे वर्ग, घन किंवा कोणतेही घात यांची बेरीज, त्या मोठ्या संख्येच्या पुढच्या घाताला पुढच्याच घातांकाने भागले असता जवळजवळ मिळते, असे त्यात युक्तिवादासह दाखविले आहे. घातांक एकाने वाढवा आणि त्यानेच भागा: तीच ही रीत. युरोपात बोलोन्या येथील काव्हालिएरी याने सतराव्या शतकात नवव्या घातापर्यंत ती पडताळून पाहिली. हे सर्व लायब्निट्सच्या चिन्हाआधीचे.

या नियमाला एकच अपवाद आहे आणि तो विषयातील सर्वांत सुंदर प्रसंग आहे. एक भागिले क्ष, म्हणजे क्ष चा उणे-एकावा घात घेतला तर काय होते? घातांकात एक मिळवला की शून्य, आणि शून्याने भागावयाचे. सूत्र तेथेच मुके होते. परंतु प्रश्न मुका होत नाही. एक भागिले क्ष हा दर अगदी सरळ स्वभावाचा आहे; त्याच्या वाढघटीची बेरीज करता आली पाहिजे. मग ती कोणते फलन उभे करते?

बेल्जियममधील येशूसंघीय धर्मगुरू ग्रेगवार द सँ-व्हँसाँ यांचा भूमितीवरील प्रचंड ग्रंथ १६४७ साली प्रसिद्ध झाला. एक भागिले क्ष या राशीचा आलेख म्हणजे अपास्त नावाचा वक्र. त्या वक्राखालच्या क्षेत्रफळाचा अभ्यास त्यात होता. त्यांना दिसले ते असे: एकापासून दोनापर्यंतचे क्षेत्रफळ, दोनापासून चारापर्यंतचे आणि चारापासून आठापर्यंतचे, ही तिन्ही सारखीच भरतात. क्ष दर वेळी दुपटीने वाढतो, क्षेत्रफळात मात्र तेवढीच भर पडत जाते. एकीकडे गुणाकार चालला आहे आणि दुसरीकडे बेरीज. त्यांचेच शिष्य साराझा, तेही येशूसंघीयच, यांनी १६४९ साली या साम्याचा अर्थ ओळखला: गुणाकाराची बेरीज करणारी राशी म्हणजे लघुगणक, विद्यार्थ्यांच्या तोंडचा ‘लॉग’. एक भागिले क्ष चा समाकल लघुगणक येतो तो असा. घाताच्या कुटुंबात ज्याला जागा मिळाली नाही त्याने एका निराळ्याच घराण्याशी नाते जोडले. पुस्तकात ही ओळ यादीतली चौथी किंवा पाचवी म्हणून छापलेली असते आणि मुले ती वाचून पुढे जातात, ही खेदाची गोष्ट आहे. शून्याच्या ठिकाणी एक भागिले क्ष ला अर्थच नाही. म्हणजे मघाची पूल नसलेली नदी ती हीच, आणि तिच्या दोन्ही काठांचे स्थिरांक निरनिराळे असू शकतात.

बेरीज-वजाबाकीचा आणि स्थिर गुणकाचा नियम समजण्यास सोपा आहे. एका मालकाची दोन दुकाने असतील तर दोन्ही गल्ल्यांची मिळून वाढघट म्हणजे वेगवेगळ्या वाढघटींची बेरीज. रुपयांचा हिशेब पैशांत मांडला तर प्रत्येक आकडा शंभरपट होतो आणि शिल्लकही शंभरपट होते. म्हणून बेरजेचा समाकल पदापदाने काढता येतो, आणि स्थिर गुणक चिन्हाच्या बाहेर काढून ठेवता येतो. तीन क्ष-वर्ग अधिक चार क्ष उणे पाच, याचा समाकल क्ष-घन अधिक दोन क्ष-वर्ग उणे पाच क्ष अधिक क. पदे तीन असूनही क एकच, कारण तीन अज्ञात शिलका एकत्र केल्या की एकच अज्ञात शिल्लक होते.

या सोपेपणानेच विद्यार्थी फसतो. बेरजेला जे चालते ते गुणाकारालाही चालेल असे तो गृहीत धरतो. क्ष गुणिले क्ष याचे समाकलन करावयाचे आहे. तो दोन्हींचे वेगवेगळे समाकल काढतो, प्रत्येकी क्ष-वर्ग भागिले दोन. आणि गुणाकार करून क्ष चा चौथा घात भागिले चार असे उत्तर लिहितो. ताळा पाहिला तर क्ष-घन परत येतो, यावयास हवा होता क्ष-वर्ग. दुसरा एखादा त्याहून धीट. तो एक क्ष स्थिरांकाप्रमाणे चिन्हाबाहेर काढतो आणि क्ष-घन भागिले दोन लिहितो. खरे उत्तर क्ष-घन भागिले तीन. बाहेर काढण्याची मुभा न बदलणाऱ्याला आहे, बदलणाऱ्याला नाही. गुणाकाराच्या समाकलनासाठी सरसकट लागू पडणारा नियमच नाही. खंडशः समाकलन, चल बदलून समाकलन अशा युक्त्या आहेत आणि कोणती कोठे चालेल हे सरावानेच कळते. आरंभी शक्य तेथे कंस सोडवून पदे सुटी करावी हे उत्तम. दोन क्ष अधिक एक, याच्या वर्गाचा समाकल म्हणून त्याच कंसाचा घन भागिले तीन लिहिणारे प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्या उत्तराचा ताळा मूळ राशीच्या बरोबर दुप्पट येतो. कंसातल्या क्ष चा गुणक दोन असल्याचा तो परिणाम.

त्रिकोणमितीच्या फलनांविषयी थोडक्यात एवढेच की कोसाइनचा समाकल साइन, आणि साइनचा समाकल उणे कोसाइन. उणे चिन्ह कोठे येते हे पाठ करण्यापेक्षा ताळा पाहावा. ई या संख्येचा क्ष-वा घात हे फलन समाकलनानेही आपले रूप बदलत नाही. त्याची वाढ त्याच्या स्वतःच्या आकाराएवढी असते, म्हणूनच ते निसर्गात पदोपदी भेटते.

स्थिरांक गाळल्याने काय अनर्थ होतो ते येथे पाहावयास मिळते. दोन गुणिले साइन क्ष गुणिले कोसाइन क्ष, याचा समाकल तीन विद्यार्थ्यांना विचारला. पहिल्याने साइनचा वर्ग असे उत्तर काढले. दुसऱ्याचे आले उणे कोसाइनचा वर्ग. तिसऱ्याने आधी ती राशी साइन दोन क्ष अशी लिहून घेतली आणि त्याचे उत्तर आले उणे कोसाइन दोन क्ष भागिले दोन. तिघांनी वह्या ताडून पाहिल्या. तिघांची तोंडे तीन दिशांना. मार्गदर्शक पुस्तकाच्या मागे पहिल्याचे उत्तर छापलेले असेल तर उरलेले दोघे आपले खोडून टाकतील, आणि गणित आपल्याला जमत नाही अशी मनाशी गाठ बांधतील. वस्तुतः तिघेही बरोबर आहेत. साइन-वर्ग आणि कोसाइन-वर्ग यांची बेरीज एक असते. म्हणून पहिल्या दोन उत्तरांत सर्वत्र एकाचा फरक आहे, आणि पहिल्या व तिसऱ्यात अर्ध्याचा. गाड्या तीन, वेग एक, अंतर स्थिर. तिघांनी क लिहिला असता तर भांडणाचे कारणच उरले नसते. त्या एका अक्षराच्या अभावी खऱ्या उत्तरावरचा विश्वास उडून गेलेली मुले थोडी नसतील.

उलट वाट सरळ वाटेपेक्षा बिकट असते, हेही विद्यार्थ्याला आरंभीच सांगून टाकावे. ज्ञात फलनांपासून नेहमीच्या क्रियांनी बनलेल्या कोणत्याही फलनाचे अवकलन नियमांनी करता येते. समाकलनाला ती हमी नाही. ई चा उणे-क्ष-वर्ग इतका घात, ही दिसावयास साधी राशी संख्याशास्त्रातील घंटाकृती वक्राच्या मुळाशी आहे. तिचा समाकल अस्तित्वात आहे, त्याच्या किमतीही काढता येतात, परंतु विद्यार्थ्याच्या ओळखीच्या फलनांच्या भाषेत तो लिहिता येत नाही. अशा काही समाकलांबाबत ‘लिहिता येत नाही’ हेच सिद्ध करण्याची रीत फ्रेंच गणिती लिउव्हिल याने १८३० नंतरच्या वर्षांत घालून दिली. तेव्हा एखाद्या उदाहरणापुढे अडलेल्या मुलाला केवळ आळशी समजण्याची घाई करू नये.

शेवटी क ची किंमत ठरविण्याचे एक उदाहरण. विहिरीत पडणाऱ्या दगडाचा वेग दर सेकंदाला सेकंदास ९.८ मीटरने वाढतो. हवेचा विरोध येथे सोडून दिला आहे. काळाला ट म्हटले तर ९.८ चा समाकल, म्हणजे वेग, ९.८ ट अधिक क. येथला क म्हणजे दगड हातातून सुटतानाचा वेग. पुन्हा समाकलन केले की खोली मिळते: ४.९ गुणिले ट-वर्ग, अधिक क गुणिले ट, अधिक दुसरा एक स्थिरांक. हा दुसरा स्थिरांक म्हणजे दगड कोठून सुटला ते ठिकाण, विहिरीच्या तोंडापासून मोजलेले.

दगड नुसता सोडला, तोही तोंडाच्या पातळीवरून, तर दोन्ही स्थिरांक शून्य. दोन सेकंदांनी दगड पाण्याला लागला तर पाणी १९.६ मीटर खोल. आता समजा, कठड्यावर बसलेल्या मुलाने तो तोंडाच्या पातळीहून एक मीटर वरून, सेकंदाला ३ मीटर वेगाने खाली फेकला, आणि याही वेळी तो दोन सेकंदांनीच पाण्याला लागला. पहिला स्थिरांक ३, दुसरा उणे १. खोली १९.६ अधिक ६ उणे १, म्हणजे २४.६ मीटर. दगड तसाच, सेकंद तेवढेच आणि सूत्रही तेच. पहिल्या उत्तरावर विसंबून जो वीस मीटरचा दोर घेऊन येईल, त्याचा पोहरा पाण्याच्या वर साडेचार मीटरांहून अधिक अंतरावर लोंबकळत राहील.